पाळीच्या गोळ्या : प्रोजेस्टोजेन म्हणजे काय आणि ते कोणी, केव्हा घ्यावे



या सदरात आजवर आम्ही बेणे, बेसल डोस, हुमणी, पाचट, खोडवा असेच विषय घेत आलो. आज विषय निराळा आहे, आणि ऊस विकास अधिकाऱ्याने हा विषय का घ्यावा असे काही जण म्हणतील. त्याचे कारण सांगतो. गटवार ऊस पीक चर्चासत्रांना अलीकडे भगिनी सभासदही चांगल्या संख्येने येतात. चर्चासत्र संपले की प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा होतात. त्यात तांबेरा, लोकरी मावा यांच्या जोडीला आणखी एक जातीची चिठ्ठी निघू लागली आहे. बिननावाची, घडी घालून आत सारलेली. "घरी पूजा आहे, पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली तर चालते का?" "सहा महिने अंगावरून जाते, डॉक्टर म्हणतात पिशवी काढा, दुसरा उपाय नाही का?" "अंतराचे इंजेक्शन घेतले, पाळीच बंद झाली, रक्त आत साठते का?"

या सर्व प्रश्नांच्या मुळाशी औषधांचे एकच घराणे आहे. त्याचे नाव प्रोजेस्टोजेन. आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे, वैद्यकीचे नव्हे. म्हणून वाचन करून मजकूर लिहिला आम्ही आणि तो प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घेतला. पुरुष सभासदांनी पान उलटू नये. औषध दुकानातून गोळी आणायला बहुतेक वेळा आपणच जातो, आणि दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर सहीही आपलीच असते.

नत्र आणि पक्वता

बाईच्या शरीरात दर महिन्याला दोन संप्रेरके आळीपाळीने काम करतात. संप्रेरक म्हणजे ग्रंथीतून रक्तात सुटणारे आणि दूरच्या अवयवाला हुकूम देणारे द्रव्य. पहिले इस्ट्रोजेन, दुसरे प्रोजेस्टेरॉन. उसाच्या भाषेत सांगायचे तर इस्ट्रोजेन हे नत्र आहे आणि प्रोजेस्टेरॉन ही पक्वता आहे.

पाळी संपली की इस्ट्रोजेनच्या जोरावर गर्भाशयाच्या आतले अस्तर वाढू लागते. साधारण चौदाव्या दिवसाच्या सुमारास बीजकोशातून बीज सुटते. जिथून ते सुटले तिथे एक पिवळसर पिंड तयार होतो. जनावरांचे डॉक्टर गाईच्या बाबतीत याच पिंडाला पीतपिंड म्हणतात, आणि गाभण तपासणी करणाऱ्या सभासदांना हा शब्द ऐकून माहीत असेल. (तुलना आमच्या माय-भगिनींची नाही, निसर्गाच्या यंत्रणेची आहे, हे लक्षात घ्यावे.) हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन तयार करतो. ते आले की अस्तराची नुसती वाढ थांबते, ते पक्व होते आणि स्थिर राहते. गर्भ राहिला तर पीतपिंड टिकतो आणि पुढे वार तयार होऊन हे काम अंगावर घेते. गर्भ राहिला नाही तर चौदा दिवसांत पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन खाली येते आणि अस्तर सुटून बाहेर पडते. हीच पाळी.

आता ज्या महिन्यात बीजच सुटत नाही त्या महिन्यात काय होते ते पहा. बीज नाही म्हणून पीतपिंड नाही, पीतपिंड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन मात्र चालूच. म्हणजे मोठ्या बांधणीनंतरही कोणी युरियाची पोती टाकतच राहिला तर उसाचे जे होते तेच. नुसती हिरवी वाढ, ऊस लोळतो, उतारा नाही. अस्तर असेच बेसुमार जाड होते आणि मग जिथून-तिथून, केव्हाही, तुटत राहते. दोन-दोन महिने पाळी नाही आणि आली की पंधरा दिवस थांबत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच उद्भवते. नुकत्याच वयात आलेल्या मुलींत, बीजकोशाच्या विकारात (याला पीसीओएस म्हणतात) आणि पाळी जाण्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत हा प्रकार विशेष दिसतो.

ज्यात पक्वता कमी आहे तिथे पक्वता बाहेरून द्यावी, एवढाच या औषधाचा मूळ विचार.

रताळ्यासारख्या कंदातून आलेले औषध

हा भाग शेतकऱ्याने मुद्दाम वाचावा असा आहे.

पीतपिंडाच्या अर्कात गर्भ टिकवून धरणारे काही आहे हे अमेरिकेत कॉर्नर आणि अ‍ॅलन यांनी १९२९ साली सशांवर दाखवले. १९३४ मध्ये ते द्रव्य शुद्ध रूपात वेगळे झाले. पण ते जनावरांच्या बीजकोशांतून काढायचे म्हणजे डुकरिणींच्या बीजकोशांचे ढीग लागत, आणि हाती येई चिमूटभर. त्या काळी त्याचा भाव ग्रॅमला ऐंशी डॉलरपर्यंत होता. शिवाय तोंडावाटे घेतले तर यकृतात त्याचा बहुतेक नाश होतो, त्यामुळे इंजेक्शनच द्यावे लागे.

रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतीतून मार्ग काढला. डायोस्कोरिया नावाच्या वेलींच्या कंदात डायोसजेनिन नावाचे द्रव्य असते. आपल्या कोकणातले कोनफळ आणि कणगर याच कुळातले. मेक्सिकोच्या रानात या जातीचे मोठमोठे कंद मिळतात. मार्करने डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन तयार करण्याची रीत बसवली, आणि १९४४ साली मेक्सिको शहरात सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. नफ्याच्या वाट्यावरून भागीदारांशी बिनसले आणि १९४५ मध्ये मार्कर बाहेर पडले. भाव मात्र कोसळला तो कोसळलाच.

याच कंपनीत १५ ऑक्टोबर १९५१ रोजी लुईस मिरामोंतेस या सव्वीस वर्षांच्या मेक्सिकन तरुणाने, कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या देखरेखीखाली, नॉरएथिस्टेरॉन तयार केले. हे निसर्गातले द्रव्य नव्हे. रेणूतला एक कार्बन काढून, दुसरीकडे दोन कार्बनांची एक शेपटी जोडून केलेले कृत्रिम द्रव्य. त्यामुळे झाले असे की यकृताला ते चटकन मोडता येईना. म्हणजे गोळी तोंडाने घ्या, काम पीतपिंडाचे. अशा कृत्रिम द्रव्यांना प्रोजेस्टोजेन किंवा प्रोजेस्टिन म्हणतात. पुढे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, लेव्होनॉरजेस्ट्रेल, डायड्रोजेस्टेरॉन, डायनोजेस्ट अशी त्यांची भावंडे निघाली. जेरासी आणि मंडळी संततिनियमनाच्या नव्हे, पाळीच्या विकारांवरच्या औषधाच्या मागे होती, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेत एनोव्हिड या गोळीला १९५७ साली परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. संततिनियमनासाठी १९६० साली मिळाली.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. रानात जाऊन कंद खणणारे मेक्सिकोचे गरीब शेतकरी. कंदातून कोट्यवधींचा धंदा उभा राहिला, पण खणणाऱ्याच्या हाती किलोमागे कवडी पडे. १९७५ साली तिथल्या सरकारने प्रोकिव्हेमेक्स ही सरकारी कंपनी काढून भाव वाढवून देण्याचा प्रयत्न केला. तोवर उशीर झाला होता. कंपन्या सोयाबीनच्या तेलातून निघणाऱ्या द्रव्यांसारख्या दुसऱ्या कच्च्या मालाकडे वळल्या आणि मेक्सिकोचा कंद पडून राहिला. कच्चा माल आपला पण गाळप दुसऱ्याचे, ही स्थिती कशी असते हे प्रवरानगरच्या आधीच्या पिढीतील ऊस उत्पादकांना वेगळे सांगायला नको होते. असो.

एक खुलासा. कोनफळ खाल्ल्याने पाळी सुधारते असे काही जण सांगतात. ते खरे नाही. डायोसजेनिनचे प्रोजेस्टेरॉन कारखान्यातल्या भांड्यात होते, माणसाच्या पोटात होत नाही. कोनफळ भाजी म्हणून जरूर खावे.

रक्तस्राव जास्त असेल तर

आता मुख्य विषय. "अंगावरून जाते" या एका वाक्यात आपल्याकडे दहा आजार सांगितले जातात. दोन तासांत कापड बदलावे लागणे, गाठी पडणे, सात-आठ दिवसांपलीकडे जाणे, पायऱ्या चढताना धाप लागणे, हे सगळे अंगावर काढू नये. आधी रक्त तपासून हिमोग्लोबिन पाहावे, गरोदरपण नाही याची खात्री करावी, आणि सोनोग्राफी करावी. चाळिशीच्या पुढे डॉक्टर अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवतात. माती परीक्षण न करता खत टाकू नका असे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो; इथे तर माणसाचा जीव आहे.

तपासणीत कर्करोग किंवा मोठी गाठ नसेल तर बहुतेक जणींना औषधाने आराम पडतो. बीज न सुटण्याचा प्रकार असेल तर प्रोजेस्टोजेनची गोळी महिन्यातून दहा ते चौदा दिवस देतात. गोळी थांबली की दोन-चार दिवसांत पाळी येते, आणि अस्तर नीट, एकाच वेळी सुटते. बीज सुटूनही रक्तस्राव फार असेल तर गोळी महिन्यातले वीस-एकवीस दिवस द्यावी लागते. काहींना संप्रेरक नसलेली ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी फक्त पाळीच्या दिवसांत दिली तरी पुरते.

याहून उत्तम म्हणून आज डॉक्टर ज्याचे नाव पहिले घेतात ते म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली तांबी. तिला तांबी म्हणतात खरे, पण तिच्यात तांबे नसते. गर्भाशयात बसवलेल्या या छोट्या इंग्रजी टी अक्षराच्या दांडीत ५२ मिलिग्रॅम औषध असते आणि सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम इतके थोडे थोडे ते सुटते. आपले ठिबकच म्हणा. पाटपाण्याने सगळे रान भिजवण्याऐवजी मुळाशी थेंब. रक्तात औषध फार कमी जाते, अस्तर पातळ राहते. रक्तस्राव नव्वद टक्क्यांपर्यंत कमी होतो, आणि पाच वर्षे ती काम देते. ही १९९० साली प्रथम फिनलंडमध्ये बाजारात आली. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागतात, त्याला घाबरून ती काढून टाकू नये. किंमत काही हजार रुपये आहे आणि प्रत्येक सरकारी दवाखान्यात ती मिळेलच असे नाही. तरीही ऑपरेशनचा खर्च, रजा आणि पुढचे भोग यांच्या हिशेबात ती स्वस्तच पडते.

पाळीच्या वेळी असह्य पोट दुखणे, ज्यात अस्तरासारखा भाग गर्भाशयाबाहेर वाढतो (एंडोमेट्रिओसिस), त्यावर डायनोजेस्टची रोजची गोळी चालते. अस्तर जाड झाले पण पेशी बिघडलेल्या नाहीत अशा स्थितीतही प्रोजेस्टोजेन हेच औषध.

पिशवी काढण्याबद्दल

हे आम्हांला जरा स्पष्ट लिहावे लागेल, कारण आपल्या फडात येणाऱ्या टोळ्यांशी त्याचा संबंध आहे.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशभराचा आकडा १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात तीनच्या आसपास आहे. यातल्या पुष्कळ जणी ऐन तरुण वयाच्या.

कारणे एका ठिकाणी सापडत नाहीत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; उचल दोघांवर; एक दिवस चुकला तर खाडा. २०१९ च्या सुमारास हा खाडा दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत असल्याचे सांगितले जात होते. कोपीवर ना मोरी ना संडास. पहाटे तीनला गाडी भरायची, डोक्यावर मोळी, आणि पाळीत तीन दिवस बसायची सोय नाही. पांढरे जाते, पोट दुखते म्हणून दवाखान्यात गेले की "पिशवी खराब आहे, कर्करोग होईल" असे सांगून भीती घातली जाते. पांढरे जाणे हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो, हे तिला कोणी सांगत नाही. मग तिचाही हिशेब सरळ असतो : एकदा काढून टाकली की दर महिन्याची कटकट नाही, खाडा नाही.

पण तो हिशेब चुकतो. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी बाईची पाळी गेल्यासारखी अवस्था होते. अंगातून वाफा, झोप नाही, हाडे ठिसूळ, हृदयविकाराचा धोका लवकर. बीजकोश ठेवले तरी ते काही वर्षे आधी थकण्याची शक्यता असते. कंबर धरलेली, मोळी उचलता येत नाही अशी बाई मग कोयत्यावरूनच उतरते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणाव्यात असा आदेश दिला. चाळीस वर्षांखालील बाईच्या शस्त्रक्रियेवर विशेष लक्ष ठेवावे आणि जिल्हा पातळीवर समिती असावी हा त्यातला भाग. म्हणून कोणी ऑपरेशन सुचवले तर दोनच प्रश्न विचारावेत. औषध किंवा औषधाची तांबी देऊन पाहिली का? आणि दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरांचे मत घेतले का? ऑपरेशन कधीच करू नये असे आम्ही म्हणत नाही. कर्करोग, फार मोठ्या गाठी, पूर्ण बाहेर आलेले अंग, औषधाला दाद न देणारा रक्तस्राव, अशा वेळी ते योग्यच असते.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी

गौरी-गणपती, नवरात्र, लग्न, वारी. या दिवसांत औषध दुकानांत नॉरएथिस्टेरॉनचा खप वाढतो हे कोणताही दुकानदार सांगेल. पाळीत देवाचे करावे की न करावे हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्यात आम्ही पडत नाही. गोळीपुरते बोलतो.

साधारणपणे ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी सुरू झाल्यावर गोळी घेऊन ती मागे फिरत नाही. दहा-चौदा दिवसांपलीकडे ताणू नये. आणि हे दिवस गर्भ राहण्यापासून सुरक्षित असतात असेही समजू नये. एवढ्या मात्रेत या गोळीचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. निरोगी बाईला तो फार थोडा. पण जिला पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली आहे, डोळ्यांपुढे अंधारी येऊन अर्धशिशी उठते, यकृताचा आजार आहे, स्तनाचा कर्करोग झालेला आहे, तिने ती घेऊ नये. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, दम लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वर्षातून एखाद्या वेळी, डॉक्टरांना विचारून, ठीक. पण हंगामात खाडा पडू नये म्हणून दर महिन्याला ही गोळी घ्यायची असे एक-दोन टोळ्यांत चालते, असे आमच्या कानावर आले आहे. पाकिटातली गोळी मुकादम वाटतो असेही कोणी सांगितले. हे ऐकून आम्ही गटातील शेतकी मदतनीसांना ताकीद दिली आहे. सभासदांच्या फडात असे आढळल्यास गट कार्यालयास कळवावे. ज्या बाईला पाळीचा खरोखर त्रास आहे तिला रोजची, कमी मात्रेची, तपासून दिलेली औषधे आहेत. मुकादमाच्या खिशातली गोळी हा त्यावरचा उपाय नव्हे.

अंतरा, माला आणि बाकीचे

पाळणा लांबवण्यासाठी याच घराण्यातली औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. माला-एन गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि थोडे इस्ट्रोजेन असते. पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्या फेकून देऊ नयेत. अंगावर पाजणाऱ्या बाईने ही मिश्र गोळी पहिले सहा महिने घेऊ नये. छाया नावाची गोळी वेगळी. ती लखनौच्या संशोधन संस्थेत निघालेली आणि तिच्यात संप्रेरक नाही.

अंतरा म्हणजे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. देशात त्याला १९९३ साली परवानगी मिळाली पण सरकारी कार्यक्रमात ते २०१७ साली आले. मधल्या काळात महिला संघटनांचा अशा इंजेक्शनांना विरोध होता. नेट-एन या त्याच्या भावंडाच्या चाचण्यांत बायकांना पुरती माहिती न देता सुई टोचली जाते, म्हणून १९८६ साली त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. विचारल्याशिवाय सुई नको हे त्यांचे म्हणणे आजही रास्त आहे. म्हणून आधी माहिती सांगतो. पहिले काही महिने पाळी अनियमित होते, पुढे पुष्कळ जणींची बंद होते. रक्त आत साठत नाही. अस्तरच तयार होत नाही तर साठणार काय? चिठ्ठीतल्या ताईंना हे उत्तर. सुई बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, तेव्हा लगेच मूल हवे असणाऱ्यांनी ती घेऊ नये. हाडांतले चुन्याचे प्रमाण थोडे उतरते आणि थांबवल्यावर बहुतांशी भरून येते. बाळंतीण पाजत असेल तर सहा आठवड्यांनंतर घेता येते. फ्रान्समधील एका मोठ्या अभ्यासात (२०२४) हे इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणावरील गाठीचे ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण पाचपटीहून अधिक दिसले. मूळ आजारच फार दुर्मिळ आहे, म्हणून घाबरून सोडावे असे नाही, पण सतत डोकेदुखी किंवा नजर कमी होणे जाणवले तर सांगावे. औषधाच्या तांबीत हा धोका दिसला नाही.

तोडणीसाठी जिल्हा सोडून येणाऱ्या भगिनींनी अंतराचे कार्ड बरोबर आणावे. पुढची सुई कोणत्याही सरकारी केंद्रात मिळते आणि ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत घेता येते.

पाळी गेल्यानंतरच्या वाफांसाठी काहींना इस्ट्रोजेन देतात. गर्भाशय असेल तर त्याच्या जोडीला प्रोजेस्टोजेन द्यावेच लागते, कारण एकट्या इस्ट्रोजेनने अस्तराचा कर्करोग वाढतो हे १९७५ साली दिसून आले. पण या जोडीचेही मोल द्यावे लागते. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली चाचणी २००२ मध्ये मध्येच थांबवली गेली, कारण जोडी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग थोडा अधिक आढळला. त्यामुळे ही औषधे मोजकी, तपासून घ्यायची.

गर्भ टिकवण्यासाठी म्हणून या औषधांचा आपल्याकडे फार वापर होतो, आणि त्यात सरसकट अर्थ नाही. ज्यांचे पूर्वी गर्भपात झाले आहेत आणि यंदाही सुरुवातीला रक्त दिसते त्यांना प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होतो असे इंग्लंडमधल्या २०१९ च्या अभ्यासात दिसले. उलट, वेळेआधी बाळंतपण टाळण्यासाठी अमेरिकेत २०११ पासून विकले जाणारे एक कृत्रिम इंजेक्शन काम करत नाही असे ठरून २०२३ मध्ये बाजारातून काढावे लागले.

शेवटची सूचना, आणि ती ठळक समजावी. पाळी जाऊन वर्ष झाले आणि पुन्हा डाग दिसला, तर एक थेंब असला तरी कोणतीही गोळी घेऊन तो थांबवू नये. आधी तपासणी. तो कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो आणि त्या वेळी सापडला तर बहुतेक बरा होतो.

या हंगामात तोडणी टोळ्यांच्या तळांवर आरोग्य केंद्राच्या मदतीने हिमोग्लोबिन तपासणीचा दिवस ठेवावा असा प्रस्ताव आम्ही शेतकी खात्यामार्फत पाठवला आहे. तारखा ठरल्यावर गट कार्यालयाच्या फलकावर लागतील. आपल्या फडातील टोळीला त्या दिवशी दोन तास उशिरा तोड दिली तर सभासदांनी कुरकुर करू नये, अशी विनंती आहे. भगिनींच्या बिननावाच्या चिठ्ठ्यांचे स्वागतच आहे. गट कार्यालयातील पेटीत टाकाव्यात.

पुढील अंकी : खोडव्यात पाचट कुजवताना युरिया व सुपर फॉस्फेट किती व केव्हा.